देविदासराव आणि बंद जीप

विहीणबाईंनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, आणि ते काळं बोट पदराला न पुसता तसंच ताठ धरून चहा घेतला. देविदासराव राठोडांची तिथंच दातखीळ बसली. माणसानं तोंडावर चार शब्द सुनवावेत, त्याला उत्तर देता येतं. बोटाला काय उत्तर देणार?

या विहीणबाई म्हणजे पुसदच्या रुक्माबाई. देविदासरावांची एकुलती एक लेक शिला हिची सासू. शिलाला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे बंजाऱ्यांच्या तांड्यात काय अन् शहरात काय, सगळीकडं ठरलेलं. देविदासरावांनी मागची खोली पिवळी रंगवून घेतली होती, पाळणा आणून ठेवला होता, आणि हिंगोलीच्या डॉक्टरणीशी दोनदा बोलूनही झालं होतं. रुक्माबाई 'सहज' घर बघायला आल्या होत्या. विहिणी सहज कुठंच जात नाहीत, हे देविदासरावांना कळायला हवं होतं.

चहा संपवून रुक्माबाई शांतपणे बोलल्या, "व्याही, घर झकास हाय. पण लेकरू जलमलं की पयला घास तरी दुधाचा असावा. डिझेलचा काहून?" आणि मग त्यांनी निकाल दिला. पुढच्या अमावास्येनंतर त्या स्वतः शिलाला घेऊन येणार. धूर नसला तर ठेवून जाणार, असला तर त्याच पावली परत नेणार.

धूर होता, हे खरं. देविदासरावांचं घर सेनगावात भर रस्त्यावर, आणि समोरच हिंगोलीच्या काळ्या-पिवळ्या जीपांचा थांबा. प्लॉट घेताना याच गोष्टीचा त्यांना कोण अभिमान. घरातून निघालं की चप्पल झिजायच्या आत गाडीत, असं ते सगळ्यांना सांगायचे. आता गाडी दारात म्हणजे गाडीचं धुराडंही दारात, हा हिशेब त्यांनी तेव्हा केला नव्हता. थंडीच्या दिवसांत तर धूर वर जायचं नावच घ्यायचा नाही. पाहुण्यासारखा यायचा आणि मुक्काम ठोकायचा.

इथं जीपचा कायदा सांगितला पाहिजे. सेनगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही. नंबराची जीप पुढं उभी राहते, बाकीच्या मागं लिंबाखाली गप्प पडतात. पण ती नंबराची जीप जितका वेळ भरत राहील, तितका वेळ तिचं इंजिन चालू. काहून, तर बंद गाडीवर इथल्या माणसाचा भरवसा नाही. चालू गाडी म्हणजे निघालेली गाडी. सवारी विचारते, निघाली का? ड्रायव्हर म्हणतो, निघालीच, आणि पुराव्यादाखल पाय दाबतो. मागून काळा लोट उठतो, सवारीचं समाधान होतं आणि ती आत बसते. मग निवांत अर्धाएक तास जीप तिथंच 'निघत' राहते. एक भरून गेली की दुसरी तिच्या जागी येऊन निघायला लागते. असं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत.

लेक बाळंतपणाला परत गेली, तर तांड्यात काय तोंड दाखवायचं, या विचारानं देविदासरावांना घास गोड लागेना. भाऊबंद म्हणणार, साहेब झाला, स्लॅबचं घर बांधलं, पण बापाला लेकीचं एक बाळंतपण झेपलं न्हाई. आणि भाऊबंदांचं जाऊ द्या. शिला लहानपणी तापली की बापाच्या खांद्यावरच झोपायची. तिला त्या अवस्थेत दारातून परत पाठवायचं, हे त्यांच्यानं नुसतं मनातही आणवेना.

देविदासराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. जगातली कुठलीही अडचण अर्जानं सुटते, न सुटल्यास स्मरणपत्रानं तरी सुटतेच, यावर त्यांची श्रद्धा. तेव्हा ते अर्ज घेऊन निघाले. पहिल्या कचेरीत कळलं, गल्ली आमची, मोठा रस्ता आमचा नाही. दुसऱ्या कचेरीत कळलं, रस्ता आमचाच, पण रस्त्याच्या वरची हवा आमच्याकडं येत नाही. तिसरीकडं एका जाडजूड साहेबांनी विचारलं, जीप जोरात चालते का? देविदासराव म्हणाले, चालतच नाही, उभीच असते. मग गुन्हा काय, असं म्हणून साहेबांनी पान लावायला घेतलं. आयुष्यभर आपण लोकांना ज्या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, ती टेबलं दुसऱ्या बाजूनं किती उंच दिसतात, हे देविदासरावांना पहिल्यांदाच कळत होतं.

शेवटी ते थेट जिल्ह्याच्या ठिकाणी मोटारसायकलवर गेले. तिथल्या तरुण साहेबानं मात्र मनापासून ऐकून घेतलं. त्यानं जीपांची माहिती काढली, तर एकूणएक जीपचं धुराचं प्रमाणपत्र ताजं, शिक्क्यासकट. प्रमाणपत्रात त्या अगदी अगरबत्तीसारख्या निर्मळ होत्या. मग साहेबानं खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, ती फाटकापाशी चालू अवस्थेत धूर सोडत उभी असलेली फटफटी कुणाची? ती देविदासरावांची होती. दोन मिनिटांचं तर काम, बंद कशाला करायची, म्हणून ते तशीच सोडून आत आले होते. तिला प्रमाणपत्रही नव्हतं. देविदासराव गेले होते तक्रार घेऊन आणि आले दंडाची पावती घेऊन.

घरी मिनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पावती वाचली आणि त्या हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की कचेरी आपल्या गच्चीवरून दिसती, तरी तुमी रोज गाडीवर जाता. आधी गाडी चालू करता, मग चष्मा शोधता, मग रुमाल, मग कपाटाची चावी. तवर ती बिचारी अंगणात खोकत उभी. विहीणबाईंच्या बोटाला जीपची काजळी होती का आपलीच, कुणाला ठावं.

देविदासराव दुसऱ्या दिवसापासून कचेरीत पायी जाऊ लागले. सेनगावात चांगल्या हुद्द्याचा माणूस पायी दिसला की गावाला चैन पडत नाही. एकानं विचारलं, गाडी चोरीला गेली का. दुसऱ्यानं हळूच विचारलं, शुगर निघाली का. तिसऱ्यानं तर काही न विचारता हात धरला आणि, असे दिवस येतात साहेब, जातात पण, असा धीर दिला. तिसरा सगळ्यात वाईट.

शेजारी व्यंकटराव राहायचे. रिटायर हेडमास्तर. सल्ला द्यायला त्यांना प्रश्न लागत नसे. त्यांनी आधी दारात तुळस लावायला सांगितली. मग रोज सकाळी गूळ खायला सांगितला, गुळानं छातीतली काजळी सुटते म्हणून. मग खिडक्यांना ओली लुगडी बांधायला लावली. लुगडी संध्याकाळपर्यंत कोळशाच्या पोत्यांसारखी झाली आणि मिनाबाईंचा नवऱ्याशी अबोला झाला. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, असा प्रकार. "तुमच्या पणजोबांच्या बैलांनी अर्ध्या मुलखाचं मीठ वाहिलं, राठोड," व्यंकटराव लुगड्यांकडं बघत म्हणाले, "पण कुण्या विहिणीचं बोट काळं झाल्याचं ऐकिवात न्हाई." आणि पुढं त्यांनी एक खरोखर बरा सल्ला दिला, कधीतरी चुकून देतात तसा. अर्ज सोडा, म्हणाले, जाऊन मल्हारीशीच बोला.

मल्हारी हा थांब्यावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बाकीचे त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. देविदासराव कसं बोलावं याची घरात तालीम करून गेले होते, पण समोर गेल्यावर सगळं विसरले आणि सरळ लेकीचंच सांगून बसले. मल्हारीनं ऐकलं. त्यालाही दोन लेकी होत्या.

"साहेब, डिझेल जाळायची आमाला काय हौस हाय का?" तो म्हणाला. "गाडी बंद केली तर सवारी बसत न्हाई, हीच एक तकलीफ. तुमी बसवून दाखवा. आमी बंद करतो."

करून पाहिलं. मल्हारीनं चावी फिरवली आणि थांब्यावर अशी शांतता झाली की हॉटेलातले लोक काय झालं म्हणून बाहेर आले. एक म्हातारी गाठोडं घेऊन आली. तिनं आत डोकावलं, मग पुढं जाऊन बॉनेटवर तळवा ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा. बॉनेट गार लागलं. म्हातारी गाठोडं उचलून एसटीच्या दिशेनं चालती झाली. तिच्या मागचे दोघंही गेले. 

मग मल्हारीनंच तोड काढली. बंद गाडीत माणूस बसत नाही, पण बसलेल्या माणसाशेजारी माणूस बसतो. आत आधीच कुणी असलं, तेही जरा इज्जतदार दिसणारं, तर सवारीला वाटतं, एवढा मोठा माणूस बसला म्हणजे गाडी जाणार. तेव्हा साहेबांनीच बसावं.

आणि देविदासराव बसले. जेवणाच्या सुट्टीत बसले, कचेरी सुटल्यावर बसले, रविवारी दिवसभर बसले. प्रवासी दिसावं म्हणून मांडीवर बॅग घेतली. समोरच्या सीटवर व्यंकटरावांना बसवलं. मास्तरांना फुकटची सभा मिळाली, ते आनंदानं आले आणि कचेरीच्या वेळातही एकटे बसू लागले. युक्ती लागू पडली. दोघांना बघून तिसरा बसायचा, तिसऱ्याला बघून अख्खं कुटुंब बसायचं. गाडी भरत आली की हे दोघं, काहीतरी विसरलं बुवा, असं पुटपुटत उतरायचे आणि त्यांच्या जागी शेवटची माणसं बसायची. मग मागची जीप पुढं आली की पुन्हा हेच.

पण पहिल्याच दिवशी, गाडी भरल्यावर, मल्हारीनं चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. तेव्हा त्यानं जीप चालू ठेवायचं दुसरं कारण सांगितलं. तिचा स्टार्टर गेल्या पोळ्यापासून मेलेला होता. लिंबाखालच्या उतारावरून ती चालू व्हायची, पण एकदा नंबराला पुढं आली की बंद करायची सोयच नव्हती. बाकीच्यांची अवस्था यापेक्षा फार वेगळी नव्हती. आता धक्का मारायला पाहिजे. बसलेली सवारी काही उतरेना, कारण सेनगावात जो उतरला त्याची सीट गेली. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत त्या दोघांवर आल्या, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं.

अशी देविदासरावांची नवी नोकरी लागली. बसायचं, उतरायचं, ढकलायचं. जीप फुर्रर्र करून चालू व्हायची, एकदाच काय तो धूर ओकायची आणि निघून जायची. दिवसभराचा धूर आता चिमूटभरावर आला. खिडकी पुसली तर फडकं फडक्यासारखंच राहायचं. मिनाबाईंनी अबोला सोडला आणि जीपमध्येच डबा आणून द्यायला सुरुवात केली.

या डब्यानं मात्र घात केला. बंद जीपमध्ये बॅग घेऊन बसलेला नवरा आणि बाहेरून त्याला डबा देणारी बायको, हे गावानं चार दिवस पाहिलं आणि आपापल्या परीनं अर्थ लावला. साहेब रोज घर सोडून निघतात, आणि बाई रोज त्यांना भाकरी खाऊ घालून परत वळवतात, असं ठरलं. तांड्यावरून एक चुलता समजूत घालायला आला. त्यानं खिडकीतूनच अर्धा तास संसाराचं महत्त्व सांगितलं. देविदासराव काही बोलूही शकेनात, कारण मागं खऱ्या सवाऱ्या बसल्या होत्या आणि आपण खोटे आहोत हे कळलं असतं तर गाडी रिकामी झाली असती. कचेरीतल्या साहेबांनी बोलावून विचारलं, राठोड, जीपच्या धंद्यात भागीदारी घेतली का? एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असा प्रश्न कुणी केला नव्हता. अंगाचा तिळपापड झाला, पण ते नाही म्हणून मुकाट बाहेर आले.

एका दुपारी डबा खाल्ल्यावर त्यांना बसल्याजागी डुलकी लागली. जीप भरली, हॉटेलातल्या लोकांनी धक्का मारला, आणि जाग आली तेव्हा हिंगोलीच्या वाटेवरची नर्सी आली होती. देविदासराव घाईघाईनं उतरले. कचेरीची सुट्टी संपून गेली होती. परतीला दोन जीपा उभ्या होत्या. एक गप्प होती, दुसरी घर्रर्र करत काळा धूर सोडत होती. देविदासराव काही विचार न करता धुराच्या जीपमध्ये जाऊन बसले आणि मनात म्हणाले, चला, ही निघालीच. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ती गप्प उभी असलेली जीप भरून, त्यांच्या डोळ्यांदेखत, पुढं निघून गेली होती. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. व्यंकटरावांना तर मुळीच नाही.

बघता बघता अमावास्या होऊन गेली आणि रुक्माबाईंचा फोन आला की आज येऊन राहिलो. देविदासरावांनी रजा टाकली. मिनाबाईंनी घर असं पुसलं की फरशीत तोंड दिसावं. देविदासरावांनी लग्नकार्यातला पांढराशुभ्र सदरा काढला, केसांना तेल लावलं, आणि फाटकात उभं राहायचं ठरवलं. आज बसायचं नाही आणि ढकलायचंही नाही. आज फक्त बाप म्हणून उभं राहायचं. मल्हारीनं सगळ्या ड्रायव्हरांना ताकीद दिली होती. थांब्यावर अशी शांतता होती की लिंबावरचे कावळे ऐकू येत होते.

नेमका त्या दिवशी बाजार. मल्हारीची जीप कोंबड्या, टोपल्या, तुरीच्या शेंगांची गाठोडी आणि माणसं यांनी वेळेआधीच गच्च भरली. धक्क्याची वेळ आली. व्यंकटरावांची कंबर आदल्या दिवशीच धरली होती, ते गच्चीतून सल्ला देण्यापुरतेच शिल्लक होते. हॉटेलवाले गिऱ्हाइकात अडकलेले. सवाऱ्या कुरकुरायला लागल्या. मल्हारी फाटकाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "साहेब, न्हाई तर दुसरी गाडी चालू करून हिला ओढावं लागंल. मंग दोन गाड्यांचा धूर व्हईल."

देविदासरावांनी रस्त्याकडं पाहिलं. पुसदचं कुणी दिसत नव्हतं. सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि ते जीपच्या मागं गेले. बाजाराची जीप म्हणजे काय वजन. पाय रोवले, खांदा लावला, सगळे देव आठवले. जीप तसूभर हलली, मग हातभर, मग चालायला लागली, मल्हारीनं गिअर टाकला, आणि जीपनं पोटात साठवलेला सगळाच्या सगळा धूर एका दमात देविदासरावांच्या तोंडावर सोडून दिला.

धूर विरला तेव्हा समोर ऑटोतून शिला उतरत होती, एका हातानं पोट सावरत. तिच्यामागं रुक्माबाई होत्या. देविदासरावांच्या अंगावर पांढरं असं काही उरलं नव्हतं, डोळे आणि दात सोडले तर. त्यांना हसावं की लपावं कळेना. शिला "बापू" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

रुक्माबाईंनी व्याह्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि सुनेला घेऊन घरात गेल्या. आतून दारं-खिडक्या उघडल्याचे आवाज येत राहिले. मागची पिवळी खोली उघडली, पाळण्याची कडी वाजली. देविदासरावांना आत जायचा धीर होईना. ते अंगणातल्या नळापाशी उभे राहिले. झालं, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जो धूर घालवायला एवढं सगळं केलं, तोच तोंडाला फासून विहीणबाईंच्या समोर उभे राहिलो. आता पोरगी आल्या पावली जाणार. त्यांना लाज वाटायचीही थांबली. गल्ली बघू दे, गाव बघू दे, काही वाटेना. फक्त लेक जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

बऱ्याच वेळानं रुक्माबाई बाहेर आल्या. मागोमाग मिनाबाई, चेहरा उतरलेला. रुक्माबाई ओट्यावर उभ्या राहिल्या आणि छाती भरून एक श्वास घेतला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "घरात धूर न्हाई. जेवढा व्हता तेवढा सगळा तुमच्या तोंडावर हाय." मग त्या मिनाबाईंकडं वळल्या. "शिलाची बॅग ऑटोतच राहिली वो. आत घ्या. अन् लेकरू जलमल्यावरबी सवा महिना पोरीला धाडू नका."

मिनाबाई पळतच फाटकाकडं गेल्या. शिला दारात उभी राहून बापाला हातानं खूण करत होती, आधी तोंड धुवा म्हणून. देविदासराव नळाखाली वाकले. पण तोंड धुवायला त्यांना फार वेळ लागला. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना, आणि आता धूर नव्हता, तेव्हा धुरानं डोळे चुरचुरतात म्हणावं, तर तेही सांगायची सोय उरली नव्हती.